मदत हवी आहे: आईला काय सांगू?

जय ख्रिस्त सगळ्यांना. आम्ही वडगाव शेरीत राहतो. आईच्या डायलिसिसचं हे तिसरं वर्ष, आठवड्यातनं तीनदा, दरवेळी चार तास, आणि घरी आली की फिस्टुलाचा (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेला) हात कानाशी धरून बसते, आत रक्त घुं घुं वाजतं ना ते ऐकायला, म्हणते चालू आहे गं अजून. रोज रात्री घरात प्रार्थना होते, उपवास झाले, चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पण किडनी काही सुधारली नाही.

परवा एक ताई तिला तोंडावर म्हणाल्या, तुमचा विश्वास कमी पडतोय. आई गप्प बसली पण त्या रात्री तिने बायबल उघडलंच नाही.

मला हे अजिबात पटत नाही. बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत छळणाऱ्या त्रासासाठी, देवाला तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, कृपा पुरे आहे एवढंच उत्तर मिळालं. आपला सोबती त्रफिमाला तर तो मिलेतात आजारीच ठेवून आला. आणि आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई, एवढी प्रार्थनेची बाई, त्यांची मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्याआधी गेली. त्यांचा विश्वास कमी होता का?

पण हे सगळं आईसमोर बोलायला गेले की नुसतं रडू येतं. कुणी घरात असं लांबलेलं आजारपण काढलंय का? धीर धर सोडून दुसरं काय बोलायचात? १३वं स्तोत्र वाचून दाखवू का, त्यात दावीद देवालाच विचारतो ना कुठवर म्हणून, की त्याने अजून खचेल ती? उद्या सकाळी डायलिसिस आहे, त्याआधी कुणी सांगितलं तर बरं होईल.