अंडं मरू शकतं, असा नियम खेळात असावा का?

कातळवाट:
ड्रॅगन केव्ह हा २००६ पासून चालू असलेला, ब्राउझरमधला फुकट खेळ. गुहेतून अंडं उचलायचं आणि लोकांना दाखवायचं. लोकांनी ते पाहिलं, त्यावर क्लिक केलं, की हळूहळू कवचाला तडे जातात. सात दिवसांत पुरेसं कुणी पाहिलं नाही तर अंडं मरतं. पिल्लू बाहेर आलं की पुन्हा मुदत सुरू. माझ्या मते या नियमामुळेच त्याला ड्रॅगन पाळणं म्हणता येतं. सोशल पॉइंट कंपनीच्या ड्रॅगन सिटी या खेळात अंडं मरत नाही, आणि थांबायचं नसेल तर रत्नं मोजून लगेच उबवता येतं. रत्नं संपली की विकत घ्या. हा नुसता साठा झाला.

सांजसावली:
अजिबात पटलं नाही. तुमचं अंडं जगतं ते परक्यांच्या क्लिकवर. ज्याच्या ओळखी जास्त त्याची अंडी फुटणार, नवख्याची मरणार. यात माया कुठे आली? माझा भाचा ड्रॅगन सिटी खेळतो. आगीचा आणि मातीचा ड्रॅगन जुळवला की फ्लेमिंग रॉक निघेल की व्होल्कॅनो, यासाठी तो तासन्‌तास थांबतो. पैसे घालायचे नाहीत, हा घरचा नियम. थांबणं त्यालाही चुकलेलं नाही.

कातळवाट:
सांजसावलीताई, नुसत्या क्लिकवर भागत नाही. अंड्यावर एकदम फार नजरा पडल्या तर ते आजारी पडतं. मग त्याला धुक्यात ठेवायचं, म्हणजे ते कुणालाच दिसत नाही, आणि बरं झालं की बाहेर काढायचं. कधी दाखवायचं नि कधी झाकायचं, हे मालकानेच बघायचं असतं. आणि नाहीच जमलं तर अंडं सोडून देता येतं, दुसरं कुणी उचलून वाढवतं. भाच्याचं कौतुक आहे, पण तो थांबतो ते घरच्यांमुळे. खेळ तर त्याच्यासमोर रत्नांचं बटण धरूनच बसलाय.

माळरान:
दोघंही टोकाला जाताय. फ्लाइट रायझिंग हा खेळ बघा, २०१३ चा. घरट्यातली अंडी रोज एकदा उबवायची, असं पाच वेळा. एखादा दिवस चुकला तर पिल्लं उशिरा येतात, मरत नाहीत. परीक्षा असो, आजारपण असो, माणसाला सवड मिळते. मला हेच योग्य वाटतं.

कातळवाट:
आणि जास्तीच्या पिल्लांचं काय होतं तेही सांगा ना. फ्लाइट रायझिंगमधल्या आपल्या गुहेत जागा उरली नाही की लोक त्यांना खेळातल्या देवतेच्या सेवेला धाडतात, वर बक्षीस मिळतं. ती परत येत नाहीत. मरण नाही म्हणून पिल्लांची किंमत राहिली, असं मला तिथे दिसत नाही.

सांजसावली:
हा मुद्दा मान्य, पिल्लं अशी धाडून देणं मलाही खटकतं. तरी अंडं मारण्याच्या बाजूने मी येणार नाही. दहावीच्या परीक्षेतून आठवड्याने परतलेल्या पोराला मेलेली अंडी दाखवून त्याला जबाबदारी कळते, हे मला कुणीतरी पटवून द्या. मुदत थांबवायची सोय द्या, मग नियम ठेवा.

माळरान:
ताईंच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. मुदत थांबवता आली तर ड्रॅगन केव्हबद्दल माझी तक्रार उरणार नाही. रत्नांच्या बटणाबद्दल मात्र उरेल.