ऑक्टाव्हिया व्ही-आरएस १.८ टर्बो : चढावर बूस्ट आला की मिसफायर, कोड पी०३०२

घाटरस्ता

गाडी स्कोडाची, २००५ ची ऑक्टाव्हिया व्ही-आरएस. १.८ टर्बो, २० व्हॉल्व्ह, १५० पीएस, रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं) नाही.

खंबाटकी चढताना तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये साधारण २८०० आरपीएमच्या पुढे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झटके बसतात आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. पाय निम्मा काढला की गाडी सरळ ओढते. आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) काही जाणवत नाही, इंजिन थंड असो की गरम, फरक नाही. स्कॅनरवर पी०३०० (मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) आणि पी०३०२ (तेच, २ नंबरच्या सिलिंडरमध्ये) येतात. प्लग नवे आहेत. गॅरेजवाले म्हणतात चारही कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारे भाग) टाका. त्याआधी घरी काय तपासता येईल? व्हीसीडीएस केबल (लॅपटॉपवर गाडीचे कोड आणि आकडे वाचणारी), टॉर्क पाना, मल्टिमीटर आहे.

वीस_व्हॉल्व्ह

आधी एक गोष्ट: दिवा लुकलुकत असताना पाय काढाच. न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं आणि आतली जाळी वितळते. कॉइलपेक्षा ते कितीतरी महाग पडेल.

तुमच्या वर्णनातच निम्मं उत्तर आहे. बूस्ट (टर्बोने दाबून भरलेली हवा) आला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाब वाढला की प्लगच्या टोकांमधल्या तेवढ्याच गॅपमधून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. आयडलला पुरणारी दुबळी ठिणगी लोडखाली विझते. म्हणून शंकेचा क्रम असा: प्लगची गॅप, कॉइल, कॉइलची वायरिंग. इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो ते) नंतर.

"प्लग नवे आहेत" यावर विसंबू नका. डब्यातून काढून तसेच बसवलेले प्लग बरेचदा १.० ते १.१ मिमी गॅपचे असतात. या इंजिनाला ०.८ पुरे, रीमॅप असेल तर ०.७. फीलर गेजने मोजा. प्लॅटिनम टोकाचा प्लग असेल तर मधल्या टोकाला गेज रेटू नका, फक्त बाहेरची पट्टी हलवा.

मग एकाच खेपेत तीन प्रश्नांचं उत्तर देणारी अदलाबदल करा. इंजिन पूर्ण थंड असताना (हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना प्लग काढला तर आटे जातात):

– २ नंबरची कॉइल ४ वर, ४ ची २ वर.
– २ नंबरचा प्लग ३ मध्ये, ३ चा २ मध्ये.
– प्लग ३० न्यूटन-मीटरला आवळा. आट्यांना ग्रीस लावू नका, नाहीतर त्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो.

१ नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूला. कोड पुसा, तोच चढ चढा. शेजारी बसणाऱ्याने व्हीसीडीएसमध्ये ब्लॉक (आकड्यांचे गट) ०१५ आणि ०१६ पाहावेत: ०१५ मध्ये सिलिंडर १, २, ३ चे मिसफायर मोजले जातात, ०१६ मध्ये ४ चे. आकडे ४ वर गेले तर कॉइल, ३ वर गेले तर प्लग. २ वरच राहिले तर दोन्ही निर्दोष, पुढची खरेदी थांबवा.

कॉइल काढताना कनेक्टर ओढू नका. वीस वर्षांच्या उष्णतेने त्या प्लास्टिकचं बिस्कीट झालेलं असतं. लॉक दाबून ठेवा, कनेक्टर आधी कॉइलकडे किंचित ढकला, मग मागे घ्या.

लॅम्डा_शून्य

वरचं सगळं बरोबर, पण एक भर. सुटे भाग हलवण्याआधी ब्लॉक ०३२ (ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय ते) वाचून घ्या आणि कोड पुसण्याआधी वाचा. पुसले की जुळवणीचे आकडेही शून्यावर जातात आणि मोलाचा पुरावा जातो.

पहिलं घर आयडलचं, दुसरं पार्ट लोडचं (ॲक्सिलरेटर अर्धवट दाबलेला असताना). दोन्ही ±५ टक्क्यांच्या आत असतील तर हवा-पेट्रोलचं गणित ठीक, इग्निशनकडेच वळा. पहिलं घर बरंच अधिक आणि दुसरं ठीक, म्हणजे इनटेक मॅनिफोल्डच्या मागे हवा शिरतेय. त्याखालचे ब्रीदरचे रबरी पाइप तपासा. दुसरं घर अधिक १० च्या पुढे असेल तर एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) कमी सांगतोय किंवा पंपाचा दाब पडतोय. पूर्ण रेस करून ब्लॉक ००३ मध्ये हवेचा आकडा बघा, १५० पीएसच्या गाडीला ढोबळमानाने सेकंदाला १२० ग्रॅम दिसायला हवेत. फ्युएल रेलवर प्रेशर गेज लावता आला तर रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढून ३ बार, लावून साधारण २.५.

तरी मिश्रणाचा दोष असेल तर तो सहसा चारही सिलिंडरांत पसरतो. एकट्या २ नंबरचं दुखणं असं वागत नाही.

घाटरस्ता

धन्यवाद दोघांनाही. ०३२ मध्ये आयडल १.९, पार्ट लोड २.७. प्लगची गॅप खरोखरच १.१ निघाली, चारही ०.८ केले. झटके कमी झाले पण गेले नाहीत. अदलाबदल करूनही मिसफायर २ नंबरवरच मोजले जातायत, ३ आणि ४ शून्य. आता इंजेक्टर?

वीस_व्हॉल्व्ह

इंजेक्टरच्या आधी वायरिंग. २ नंबरच्या कॉइलचा कनेक्टर नीट पाहा. या इंजिनाच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) वायरवरचं आवरण कडक होऊन कनेक्टरच्या तोंडाशी तडकतं आणि आतल्या तांब्याच्या तारा एकेक करून तुटत जातात. उरलेल्या दोन-चार तारांतून मल्टिमीटरला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. कॉइल मात्र चार्ज होताना काही अँपिअर मागते. तिथे व्होल्टेज पडतं आणि ठिणगी दुबळी होते.

म्हणून लोड लावून तपासा. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब आणि दोन वायरी घ्या. कनेक्टर चार पिनांचा आहे: एक १२ व्होल्ट, दोन अर्थ, एक ईसीयूची सिग्नल वायर.

इग्निशन ऑन करून बल्ब १२ व्होल्टची पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये लावा. नंतर बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि एकेक अर्थ पिन, दोन्ही अर्थ वेगवेगळे. एक अर्थ इंजिनाच्या हेडवर जातो, दुसरा बॉडीवर. एक चांगला असला तरी दुसऱ्याचा दोष राहतोच. प्रत्येक वेळी बल्ब लख्ख पेटला पाहिजे. तो पेटलेला असताना अर्थ पिन ते बॅटरी निगेटिव्ह मोजलेला ड्रॉप (व्होल्टेजची घट) ०.२ व्होल्टच्या आत हवा. वायर हळू हलवत राहा.

सिग्नलच्या पिनेला बल्ब चुकूनही लावू नका, ईसीयूचं आउटपुट उडेल. आणि मल्टिमीटरचे जाड प्रोब कनेक्टरच्या भोकात कोंबू नका. आतली पत्री पसरली की कॉइल लावल्यावर सैल बसते आणि नवाच मिसफायर सुरू होतो. योग्य मापाची मेल पिन वापरा.

इथेही सगळं ठीक आलं तर इंजेक्टर १ आणि २ ची अदलाबदल करून पाहा (ओ-रिंग नव्या टाका, रोधन १२ ते १७ ओहम), मग कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरांत ३ बारपेक्षा जास्त फरक नको.

घाटरस्ता

सापडलं. १२ व्होल्टला बल्ब लख्ख, एका अर्थला लख्ख, हेडकडे जाणाऱ्या अर्थला मिणमिणता. ड्रॉप ०.९ व्होल्ट, वायर वाकवली की बल्ब विझतो. कनेक्टरचा लॉकही तुटलेला आहे. सोल्डर करू की क्रिंप (धातूची नळी दाबून जोड)?

लॅम्डा_शून्य

क्रिंप. सोल्डर जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि इंजिनाच्या थरथरीने नेमकी तिथेच तुटते. जुन्याच जाडीची, निदान १०५ अंश सोसणारी ऑटोमोटिव्ह वायर घ्या, वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक. आवरण मऊ लागेपर्यंत मागे कापत जा. कनेक्टरच्या शेजारीच जोड दिलात तर पुढच्या इंचावर पुन्हा तुटेल. चारही जोड एकाच रेषेत देऊ नका, पुढेमागे ठेवा. कनेक्टरचं घर ४बी० ९७३ ७२४ या नंबरने मिळतं, तोच नंबर ऑडीच्या दुकानातही चालतो. २ चं तडकलंय तर उरलेली तीनही त्याच वयाची आहेत, एकदमच करा.

वीस_व्हॉल्व्ह

आणि कॉइल बाहेर आहेतच तर प्लगच्या विहिरीत टॉर्च मारा. तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट गेलंय; तेलाने कॉइलचं रबर फुगतं आणि ठिणगी बाजूने हेडवर उडते. नवं गॅस्केट बसवताना कॅमच्या टोकाच्या बेअरिंग कॅपच्या सांध्यांवर सीलंटचा लहान ठिपका द्या, नट १० न्यूटन-मीटर, मधून बाहेर.