रास अल खैमात पत्र्याच्या शेडमध्ये वुडटर्निंग : कूलर की एसी, आणि ओलं लाकूड कसं सांभाळायचं?

घनगोल :
नमस्कार मंडळी. संयुक्त अरब अमिरातींतल्या रास अल खैमाला घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथे वुडटर्निंग (लेथवर लाकूड फिरवून कातायचं काम) करायचं आहे. ५ मीटर बाय ४ मीटर, उंची ३ मीटर, खाली काँक्रीट. समुद्र दोन किलोमीटरवर. १२ इंची स्विंगचा (१२ इंच व्यासापर्यंतचं लाकूड फिरवणारा) १ एचपीचा इन्व्हर्टरवाला (वेग कमी-जास्त करता येणारा) लेथ, ८ इंची ग्राइंडर, लहान बँडसॉ आणि भुसा ओढायला २ एचपीचा डस्ट कलेक्टर असा बेत आहे. काम मुख्यतः बाऊल, थोड्या झाकणाच्या डब्या.

प्रश्न असे : एसीचं बिल टाळून मोठा डेझर्ट कूलर लावला तर? कलेक्टरची नळी सरळ बाहेर सोडू का? आणि इथे छाटणीतून फुकट मिळणारं ओलं लाकूड न तडकता कसं वाळवायचं?

भुसाखाते :
कूलर विसरा. नागपुरात मे महिन्यात तो चालतो कारण तिथली हवा तेव्हा कोरडी असते. खाडीच्या किनाऱ्यावर हवा पक्षच बदलते. वाळवंटाकडून वारा असेल तेव्हा दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली, आणि समुद्राकडून फिरला की रात्री ८०-९०. ज्या दिवसांत गारव्याची सर्वांत गरज, त्याच दिवसांत कूलर नुसता दमट वारा देणार.

लाकडाचं गणितही बघा. २० टक्के आर्द्रतेत बराच काळ राहिलेलं लाकूड साधारण साडेचार टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ५० टक्क्यांत नऊच्या आसपास, ८० टक्क्यांत पंधरा-सोळा. म्हणजे कोरड्या दिवशी कूलर लावून तुम्ही लाकूड फुगवणार आणि बंद केला की आकसवणार. गरमीने लाकडाचं फारसं बिघडत नाही, या ये-जा करण्याने बिघडतं.

दोन टनांचा स्प्लिट एसी घ्या, पण आधी पत्र्याचा बंदोबस्त करा. छताला आणि पश्चिमेच्या भिंतीला निदान ५० मिमीचं सँडविच पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम). नाहीतर तीन टनही पुरणार नाही. लेथ आणि कलेक्टर पूर्ण भारावर चालले तर त्यांचीच अडीच किलोवॅटच्या आसपास उष्णता खोलीत पडते. पाऊण टन तिथेच गेला. ३०-४० दिरहमचा आर्द्रतामापक भिंतीला टांगा आणि काटा ४० ते ५० मध्ये ठेवा. काम नसताना एसी पूर्ण बंद न करता २९-३० वर किंवा ड्राय मोडवर सोडा.

गंजाचं : ऑगस्टमध्ये संध्याकाळी बाहेरचा दवबिंदू २८-३० अंशांवर जातो. तुमचा लेथचा बेड (खालचा लोखंडी पाया) २४ अंशांवर गार झालेला. दार दहा मिनिटं उघडं राहिलं की फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखा बेडला घाम फुटतो, त्यात हवेतलं मीठ. सकाळी टूलरेस्टच्या (हत्यार टेकवायच्या पट्टीच्या) खाली नारिंगी कडं दिसलं तर कारण हेच. बेडला, बँडसॉच्या टेबलाला पंधरवड्यातून एकदा पेस्ट वॅक्स चोळा. तेल नको, त्यावर भुसा आणि वाळू बसून खरकागद तयार होतो. सिलिकॉनचा स्प्रे तर अजिबात नको, तो हाताने लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही.

वेडी_बाभूळ :
लाकडाबद्दल मी लिहितो, वरचं सगळं मान्य.

आधी काय घ्यायचं नाही ते. घाफ म्हणजे आपली शमी. अमिरातींचा तो राष्ट्रीय वृक्ष आहे आणि तोडायला बंदी आहे. खजुराचं खोडही सोडा. त्यात कडक धाग्यांच्या मधे भुसभुशीत गर असतो, पटाशी लागली की धागे उपटून येतात. रेझिन पाजल्याशिवाय ते कातलं जात नाही.

घ्यायचं ते प्रोसोपिस जुलिफ्लोरा, इथे घुवैफ म्हणतात, आपल्याकडची वेडी बाभूळ. सगळीकडे माजलेली असते. लाकूड जड, लालसर तपकिरी, आणि मुख्य म्हणजे आकसतं फार कमी, तेही दोन्ही दिशांना (वलयांच्या कडेने आणि गाभ्याकडे) जवळजवळ सारखं. नवशिक्यासाठी याहून बरं ओलं लाकूड नाही. फक्त पानं-शेंगा घाफशी मिळत्याजुळत्या असतात, तेव्हा ओळख पटल्याशिवाय उचलू नका. बोर (सिद्र) उत्तम. कडुनिंब चालतो, पण त्याचे रेशे उलटसुलट असतात, शेवटचा हात ताज्या धारेने आणि हलका.

ओंडका हाती आला की त्याच तासात दोन्ही टोकांना मेणाचं इमल्शन (पाण्यात मिसळलेलं मेण), तेही दोन हात. इथे 'उद्या लावू' म्हटलं की उद्या टोकाला चांदणीसारख्या चिरा पडलेल्या असतात. वरची कातडी भराभर सुकून आकसते, आतलं ओलं लाकूड तिला आकसू देत नाही, मग कातडी फाटते. साल तारेच्या ब्रशने झाडून घ्या, फटीत वाळू असते आणि दोन मिनिटांत धार जाते. मधला गाभा कापून टाका, तो ठेवलात तर तडा नक्की.

बाऊल दोनदा कातायचा : ओला असताना जाडसर, वाळल्यावर शेवटचा. पहिल्या वेळी भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाइतकी ठेवतात : २५० मिमीला २५. तुमच्या हवेत २८-३० ठेवा. चकमध्ये (लेथच्या पकडीत) धरायचा टेनन, म्हणजे बुडाचा गोल खुंट, ५० मिमीच्या जॉजना (पकडीच्या जबड्यांना) ६० ते ६५ मिमीचा ठेवा. वाळल्यावर तो अंडाकृती होतो, पुन्हा गोल करायला माल शिल्लक हवा. काठावर जिथे रेशांची कापलेली टोकं उघडी पडतात अशा समोरासमोरच्या दोन जागा असतात. तडा तिथूनच सुरू होतो. तिथे आत-बाहेर मेण लावा.

मग स्वतःच्याच ओल्या ढलप्यांसकट दुहेरी कागदी पिशवीत घालून खोक्यात, एसीच्या झोतापासून लांब. पहिले दोन आठवडे दर दोन दिवसांनी ढलप्या बदला, नाहीतर बुरशी येते. पिशवीवर तारीख आणि वजन लिहा. आठवड्याला वजन करा, लागोपाठ तीन वेळा तेच आलं की झालं. केसाएवढी चीर दिसली तर लगेच पातळ सुपरग्लू सोडा. नखाएवढी झाल्यावर काही उपयोग नाही.

तीन_फेज :
कलेक्टर बाहेर सोडू नका. २ एचपीच्या यंत्रावर तासाला १७०० घनमीटर वगैरे लिहिलेलं असतं. नळीत निम्मं मेलं तरी ८५०. तुमची खोली ६० घनमीटरची, म्हणजे सव्वाचार मिनिटांत सगळी गार हवा बाहेर, आणि तितकीच दमट, वाळूची हवा फटींतून आत. हवा खोलीतच फिरवा, पण सोबत येणारी कापडी पिशवी काढून १ मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर लावा. कापडी पिशवी जाड भुसा धरते आणि फुप्फुसात जाणारा बारीक तेवढा खोलीत परत फेकते. खरकागद मारताना P3 मास्क (बारीक धूळ अडवणारा) तरीही हवाच. एसीची जाळी दर आठवड्याला धुवा.

वीज : इथल्या १३ अँपिअरच्या प्लगमधून तीन किलोवॅटच्या आत राहायचं. एसी, कलेक्टर आणि लेथ वेगवेगळ्या लाइनवर. इन्व्हर्टरवाला लेथ चालू करताच ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) पडतो अशी तक्रार हमखास येते. इन्व्हर्टरच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थमध्ये जातो, साधा ईएलसीबी त्याला गळती समजतो. त्यावर अर्थ तोडणे हा उपाय नाही (सुचवणारे भेटतील). इलेक्ट्रिशियनकडून लेथसाठी वेगळी लाइन आणि इन्व्हर्टरला चालणारा टाइप एफ किंवा बी ईएलसीबी बसवून घ्या.

बहुतेक इन्व्हर्टर ४० अंशांपर्यंत पूर्ण भाराला असतात. बंद शेडमध्ये तेवढं सकाळी दहालाच होतं, तेव्हा आधी एसी, अर्ध्या तासाने लेथ. इन्व्हर्टरच्या आतली धूळ व्हॅक्यूमने ओढा. कॉम्प्रेसरने फुंकली तर ती पार सर्किटपर्यंत जाते. आणि जुना अमेरिकन लेथ स्वस्तात मिळाला तर पाटी वाचा : ६० हर्ट्झची मोटर इथल्या ५० वर सतरा टक्के हळू फिरते आणि जास्त तापते.

घनगोल :
सर्वांचे आभार, कूलर रद्द. पॉलिश करताना या हवेत काय सांभाळायचं? आणि डब्या जुलैत रत्नागिरीला पाठवायच्या आहेत.

भुसाखाते :
जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू नका, आपोआप पेटतात, आणि तुमच्याकडे तर आधीच तापलेल्या असणार. पाण्याच्या डब्यात बुडवा. इपॉक्सी दहा अंश वाढले की निम्म्या वेळात गोठतं, थोडं थोडंच कालवा. नुसतं मधमाशीचं मेण नको. ते ६२-६४ अंशांना वितळतं आणि ऑगस्टमध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड त्याच्या वर असतो. लाखेची कातीव कामंही गाडीत एकमेकांना चिकटतात.

वेडी_बाभूळ :
रत्नागिरीच्या डब्यांसाठी आधीच वाळवलेलं लाकूड घ्या. ८ टक्क्यांवरून १६ वर गेलं तर ८० मिमीची डबी एका दिशेला दीड मिलिमीटरच्या आसपास फुगते, दुसरीकडे त्याच्या निम्मी. घट्ट 'पॉप' आवाजाचं झाकण तिथे उघडणारच नाही. झाकण आणि डबी एकाच तुकड्यातून काढा, रेशे जुळवून दोन्हींवर बारीक खूण करा. खुणेला खूण लावली की दोन्ही सारख्याच लंबगोल होतात, पाव फेरी फिरवली की अडकतात. झाकण सैलसर बसेल असंच काता.