मदत हवी आहे: भाड्याची इमारत सावरतोय, नोंदणीकृत करार नसलेल्या थकबाकीदारांशी नवा करार कसा करावा?

पिंपरी-चिंचवडमधली 24 वन-आरकेची (एक खोली आणि स्वयंपाकघर) इमारत, मालक एकच, सोसायटी नाही. व्यवस्थापन आता माझ्याकडे आहे. 7 खोल्या रिकाम्या, 6 जणांचं भाडं थकलंय (3 ते 8 महिने). डिपॉझिट एकेका महिन्याचंच, त्यामुळे त्यातून वसुली होत नाही.

गच्चीच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह बदलला. ओव्हरफ्लो डक्टमध्ये मुरून भिंतींना ओल येत होती. जिन्यात दिवे लावले, कॉमन मीटरवरून ओढलेल्या वायरी काढल्या, सगळ्या भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे दिली. रिकाम्या खोल्या रंगवून भाड्यानं देणं भिंती सुकेपर्यंत मुद्दाम थांबवलंय, कारण ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की पहिल्याच पावसात पोपडे निघतात. नियमित भाडं भरणारी कुटुंबं टिकावीत, हे माझ्या दृष्टीनं सर्वात महत्त्वाचं.

थकबाकीदारांपैकी दोघांचे नोंदणीकृत करार संपलेत. त्यांच्यासाठी भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 24 (मुदत संपल्यावर जागेचा ताबा परत मिळवण्याचं) खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांवर निर्णय देणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करतोय. अडचण उरलेल्या चौघांची: करार नुसत्या स्टॅम्पपेपरवर. करार नोंदवणं सक्तीचं करणाऱ्या कलम 55 मुळे वादात त्यांनी सांगितलेल्या अटीच ग्राह्य धरल्या जाऊ शकतात. पाणी-वीज तोडण्याचा सल्ला कृपया देऊ नका, कलम 29 नुसार ते चालत नाही आणि लहान मुलंही राहतात.

चौघेही 11 महिन्यांच्या नोंदणीकृत कराराला तयार आहेत. जुनी थकबाकी त्याच करारात हप्त्यांनी लिहावी, की वेगळं कबुलीपत्र घ्यावं? आणि मधेच हप्ता चुकला, तर करार रद्द करून लगेच कलम 24 वापरता येतं, की मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं?