हर-२ दोन प्लस, केआय-६७ सत्तर टक्के : वहिनींच्या अहवालावरून पुढचा अंदाज कसा बांधावा?

प्रश्न (रामबाग, इंदूर)
माझ्या वहिनींचे वय ४२ आहे. स्तनातील गाठीच्या बायोप्सीच्या अहवालात ग्रेड ३ (सर्वांत वरची श्रेणी), ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांचे ग्राहक) निगेटिव्ह, हर-२ दोन प्लस आणि केआय-६७ ७०% असे आले असून ‘फिश’ या जनुक-तपासणीसाठी बायोप्सीच्या तुकड्याचा मेणातील ब्लॉक मुंबईला पाठवला आहे. डॉक्टर आधी केमो आणि मग शस्त्रक्रिया असे सांगतात. घरातील वडीलधाऱ्यांना मात्र गाठ अंगात ठेवून महिनोन्महिने औषधे देणे पटत नाही. दादा तर तो ७०% चा आकडा वाचल्यापासून कोणाशी धड बोललेला नाही. जाणकारांनी कृपया या आकड्याचा अर्थ सांगावा.

उत्तर (निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, इंदूर)
दादांना आधी हे सांगा की ७०% हा जिवाला असलेल्या धोक्याचा आकडा नाही. तपासलेल्या शंभर कर्कपेशींपैकी सत्तर पेशी विभाजनाच्या चक्रात होत्या, एवढेच तो सांगतो. ईआर निगेटिव्ह, ग्रेड ३ गाठीत तो बहुधा मोठाच येतो आणि मोजणीत प्रयोगशाळेगणिक फरकही पडतो. गाठ आक्रमक आहे हे खरेच, परंतु झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवरच केमोचा मारा अधिक लागू पडत असल्यामुळे अशा गाठी केमोने विरघळण्याची शक्यताही जास्त असते.

खरा अडलेला मुद्दा हर-२ चा, म्हणजे पेशींना वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनाचा आहे. दोन प्लस म्हणजे होय किंवा नाही यांपैकी काहीच ठरलेले नाही; त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का, हे फिश सांगेल. अशा वाढीव प्रती असलेल्या रुग्णांचे आयुष्य कमी असते, असे १९८७ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले होते; पण १९९८ मध्ये तेथे हर-२ वरच मारा करणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली आणि जी खूण वाईट भाकिताची मानली जात होती, तीच नेमक्या औषधाची वाट दाखवू लागली. म्हणून फिशचा निकाल येईपर्यंत कोणताही अंदाज बांधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर (कर्करोगतज्ज्ञ, इंदूर)
फिश निगेटिव्ह आले, तर हा ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे ईआर, पीआर आणि हर-२ तिन्ही नसलेला प्रकार ठरेल. त्यात रोग उलटण्याचा धोका पहिल्या तीन वर्षांत सर्वाधिक असतो आणि पाच वर्षांनंतर पुष्कळ उतरतो. ईआर पॉझिटिव्ह प्रकारात मात्र तो दीर्घकाळ रेंगाळतो.

वडीलधाऱ्यांची शंका रास्त आहे, तिचे उत्तर असे : गाठ जागेवर असताना केमो दिला, तर औषध लागू पडते की नाही हे डोळ्यांसमोर कळते. शस्त्रक्रियेच्या वेळी स्तनात आणि काखेतील लसिकाग्रंथींत आक्रमक कर्कपेशी उरल्या नसतील, तर पुढील वाटचालीबद्दल बायोप्सीतील कोणत्याही आकड्यापेक्षा भक्कम भरवसा मिळतो. पेशी उरल्या, तरी कॅपेसिटाबिनसारखी पुढची औषधे देता येतात. गाठ आधीच काढली, तर ही माहिती कायमची हातची जाते. केमोदरम्यान गाठ वाढू लागलीच, तर उपचार बदलतात किंवा शस्त्रक्रिया अलीकडे आणतात. पन्नाशीच्या आतील ट्रिपल निगेटिव्ह रुग्णांना केमोत कार्बोप्लॅटिन हे औषध जोडल्याने फायदा झाल्याचे मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात दिसले आहे. वहिनींचे वय पाहता डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. वहिनींच्या माहेरी कोणालाच कर्करोग नव्हता, तरीही जनुकीय चाचणी करावी का?

उत्तर (कर्करोगतज्ज्ञ, इंदूर)
ट्रिपल निगेटिव्ह ठरल्यास अवश्य करावी. स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणारा बीआरसीए जनुकातील दोष वडिलांकडूनही येतो आणि पुरुषांत तो पिढ्यान्‌पिढ्या दबून राहू शकतो. दोष आढळल्यास, रोगाचा टप्पा पाहून, पुढे वर्षभर ओलापॅरिब हे औषध देता येते. वहिनींच्या सख्ख्या भावंडांनाही तपासून घेता येते. आणखी एक : केमो सुरू होण्यापूर्वी किंवा गाठ फार लहान होण्याआधी तिच्यात धातूची बारीक क्लिप बसवून घ्या, म्हणजे गाठ पूर्ण विरघळली तरी सर्जनला नेमकी जागा सापडेल.