मदत हवी आहे : वॉर्डातल्या संसर्गापासून आईला कसं जपू?

आई ७४ वर्षांची, मधुमेही. पडून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन नीट झालं. सध्या जनरल वॉर्डात आहे. हाताला सलाईन, लघवीला नळी. शेजारच्या कॉटवरच्या आजींची जखम चिघळली, कल्चरमध्ये (जखमेतले जंतू वाढवून बघायची तपासणी) एमआरएसए, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकांना दाद न देणारा जंतू निघाला आणि काल त्यांना वेगळ्या खोलीत हलवलं. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

हा जंतू मुख्यतः हातांवरून आणि हाताळलेल्या वस्तूंवरून पसरतो, असं डॉक्टर म्हणाले. इकडे वॉर्डातल्या मावशी एकीची लघवीची पिशवी रिकामी करून त्याच हातमोज्यांनी पुढच्या कॉटकडे जातात. रात्री एकच सिस्टर अख्खा वॉर्ड बघते. कुणाला दुखवायचं नाही, पण गप्पही बसवत नाही. कसं सांगावं? आणि भेटायला येणारे सगळे आईच्या कॉटवरच बसतात, त्यांचं काय करू?

प्रतिसाद :
ताई, मी बरीच वर्षं नर्सिंगमध्ये आहे. आधी नळीचं बघा. रोज राउंडला विचारा, "डॉक्टर, आज नळी काढता येईल का?" नळी जितके दिवस राहते तितका लघवीच्या संसर्गाचा धोका वाढतो. पिशवी कमरेच्या खालीच हवी, पण फरशीला टेकू देऊ नका. रुग्णाला उठवताना नातेवाईक ती उचलून मांडीवर ठेवतात, मग साठलेली लघवी उलटी आत जाते. सलाईनच्या सुईपाशी लाली, सूज, दुखणं वाटलं तर लगेच सांगा.

हातमोजे दर रुग्णाला बदलायचेच, आणि काढल्यावर हातही स्वच्छ करायचे. "मावशी, आईला शुगर आहे, मोजे बदलून घ्याल का?" असं सरळ म्हणा. आम्हाला राग येत नाही हो, घाईत खरंच राहून जातं. सॅनिटायझरची बाटली कॉटलाच अडकवा, हाताशी असली की वापरली जाते. २० ते ३० सेकंद चोळायचं, अंगठा आणि बोटांची टोकं हमखास सुटतात. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेल्या हातस्वच्छतेच्या पाच वेळांपैकी शेवटची कुणाच्या लक्षात राहत नाही : रुग्णाला न शिवता नुसता कॉटचा कठडा किंवा टेबल हाताळलं, तरी हात स्वच्छ करायचे. वॉर्डात कुणाला अँटिबायोटिकनंतरचे सी-डिफचे (आतड्यातल्या एका जंतूचे) जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच. त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

भेटायला येणाऱ्यांना खुर्ची द्या. सर्दी-ताप असलेल्यांना फोनवरच बोलू दे.

धागाकर्ती :
मनापासून आभार. आज राउंडला विचारलं, उद्या सकाळी नळी काढणार आहेत. मावशींनीही लगेच मोजे बदलले. आता एकच : बीपीचा पट्टा सगळ्या कॉटना तोच फिरतो. तो पुसून घ्यायला सिस्टरना सांगू, की मी स्वतः पुसला तर चालेल? आणि कशाने?