पहाटे जाग येते, पण अंग हलत नाही : मदत हवी आहे

आढीतला आंबा :
नमस्कार. गेल्या तीन आठवड्यांत पाच वेळा असे घडले आहे की पहाटे जाग येते, खोली स्पष्ट दिसते, काचकौलातून येणारा उजेडही दिसतो, परंतु हात, पाय, मान यांपैकी काहीही हलत नाही आणि हाक मारावी तर घशातून आवाज फुटत नाही. छातीवर कोणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखे दडपण येते. परवा आंब्याच्या पेट्यांच्या थप्पीजवळ कोणीतरी उभे असलेले दिसले आणि खिळे ठोकल्याचा आवाज अगदी कानाशी येत राहिला. वास्तविक पेट्यांची ठोकाठोकी रात्री अकरालाच संपली होती. याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात एवढे मला वाचून कळले आहे, तेव्हा ते काय असते हे सांगण्यात कृपया कोणी वेळ घालवू नये. ते थांबवायचे कसे आणि सुरू झाल्यावर लवकर सुटायचे कसे, एवढेच सांगावे. हंगाम ऐन भरात असल्यामुळे दवाखान्यात दिवस घालवणे सध्या शक्य नाही.

खाडीपलीकडे :
आपले वय किती, किती वाजता झोपता, किती वाजता उठता, उताणे झोपता की कुशीवर, एखादे औषध चालू आहे का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर काय सांगणार?

तांबडी माती :
मला हा त्रास रत्नागिरीला वसतिगृहात असताना दोन वर्षे होता. उताणे झोपणे बंद केले आणि तो जवळजवळ गेला. झोपेत माणूस नकळत पाठीवर वळतो, म्हणून आजीने जुन्या सदऱ्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात दोन असोल्या सुपाऱ्या घातल्या होत्या. पाठीवर वळले की त्या टोचत आणि मी पुन्हा कुशीवर होई. हसू नका, करून पाहा.

माडाखालचा :
थप्पीजवळ जो उभा होता त्याचे कपडे कसे होते? हातात काठी होती का? पायांत वहाणा होत्या का? प्रश्न चेष्टेने विचारत नाही. बागेच्या राखणदाराला, म्हणजे बाग राखणाऱ्या दैवताला, यंदा नारळ दिला होता का, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि राहिले असल्यास गाऱ्हाणे घालून घ्यावे. आमच्या वाडीत दोघांचा असाच त्रास त्यानंतर थांबला आहे.

खाडीपलीकडे :
माडाखालचे, श्रद्धेबद्दल माझे म्हणणे नाही. तथापि जपानी माणसाला हेच होते तेव्हा तो त्याला कनाशिबारी म्हणतो आणि न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांना छातीवर बसलेली म्हातारी दिसते. तिकडे आपला राखणदार कसा जाईल?

माडाखालचा :
तिकडे तिकडचे असतील. मी बाकीचे उपाय बंद करा असे काही सांगितलेले नाही, जोडीने करा एवढेच म्हटले आहे.

आढीतला आंबा :
वय २९. रात्री एकच्या सुमारास झोपतो, सातला उठतो. औषध नाही, व्यसन नाही. झोपतो उताणाच, कारण माळ्यावर जागा अरुंद आहे. नारळ दिलेला आहे आणि आईने अंगाराही लावला आहे. तो मुद्दा कृपया संपवावा. आणखी एक सांगायचे राहिले. पाचही वेळा गजर होऊन गेल्यावर अर्ध्यापाऊण तासाने हे झाले आहे, त्यामुळे वेळ नेमकी ठाऊक आहे. आता उपाय सांगा.

निवृत्त परिचारिका :
सातला उठता असे आपण म्हणता, मग पहाटेचा हा गजर कशाचा?

कोकम सोलकढी :
रात्रीच्या जेवणात भात असेल तर तो बंद करावा आणि कोकमाचे सार घ्यावे. माझ्या यजमानांचे घोरणे त्याने पुष्कळ कमी झाले. डोके उत्तरेकडे करूनही झोपू नये.

तांबडी माती :
ताई, ते घोरत नाहीत.

आढीतला आंबा :
गजराचा याच्याशी संबंध असेल असे वाटले नाही म्हणून लिहिले नव्हते. ल्युसिड ड्रीमिंगचा, म्हणजे स्वप्न चालू असतानाच हे स्वप्न आहे असे कळण्याचा, मी महिनाभर सराव करत आहे. पहाटे साडेपाचला गजर लावायचा, वीस मिनिटे जागे राहायचे, मग पुन्हा उताणे पडून अंग अजिबात हलवायचे नाही आणि मन मात्र जागे ठेवायचे. एका व्हिडिओत असे सांगितले होते. त्यातून दोनदा स्वप्नात समुद्रावरून उडालो, अनुभव फारच सुंदर होता. ते सोडायचे नाही, फक्त हा मधला प्रकार नको आहे.

निवृत्त परिचारिका :
हे पहिल्याच वाक्यात यायला हवे होते, कारण आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यातच आहे. काय असते ते सांगू नका असे आपण म्हटले आहे, तरीही थोडे सांगावेच लागेल.

१९५३ साली शिकागोत असेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपेतील एका अवस्थेचे वर्णन केले. तिच्यात बंद पापण्यांखाली बुबुळे झपाझप हलतात, म्हणून तिला आरईएम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप म्हणतात. ठळक स्वप्ने बहुतांशी याच अवस्थेत पडतात आणि स्वप्नात आपण धावलो तरी अंथरुणातून उठून धावू नये म्हणून मेंदूचा देठ स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतील चेतापेशींना थोपवून धरतो. ग्लायसीन आणि गाबा ही रसायने त्या कामी येतात. डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा मुख्य पडदा मात्र यातून सुटलेले असतात. जाणीव आधी जागी झाली आणि ही पकड काही सेकंद किंवा दोनतीन मिनिटे मागे राहिली, की तोच आपला अनुभव. श्वास चालूच असतो; परंतु छातीचे इतर स्नायू ढिले असल्याने मुद्दाम खोल श्वास घेता येत नाही आणि त्यालाच आपण छातीवरचा गुडघा समजतो. स्वप्नाचे अवशेषही अजून चालू असतात, म्हणून माणूस दिसतो आणि दिवसभर कानांत बसलेली ठोकाठोक पुन्हा ऐकू येते.

आरईएमचा मोठा वाटा रात्रीच्या उत्तरार्धात येतो. साडेपाचला उठून पुन्हा झोपणारा माणूस थेट त्या दारातच शिरतो, आणि आपण तर मन जागे ठेवून शरीराला झोपवण्याचा प्रयत्न करता. थोडक्यात, आपण रोज पहाटे पाट मांडून या पाहुण्याला बसवत आहात. त्यात झोप अपुरी, वेळ अनियमित आणि पाठ गादीला टेकलेली. ही तिन्ही कारणे हा त्रास वाढवणारी म्हणून ओळखली जातात.

स्वप्नवही :
मी नऊ वर्षे हा सराव करतो आणि वरील निष्कर्ष मला एकांगी वाटतो. ही अवस्था म्हणजे अडथळा नसून उंबरठा आहे. अंग जखडले की घाबरायचे नाही, पाठीवरून घरंगळत खाली उतरतो आहोत अशी कल्पना करायची, की थेट जागृत स्वप्नात, म्हणजे ल्युसिड ड्रीममध्ये, प्रवेश होतो. या विषयाला शास्त्रीय बैठकही आहे. डोळे मोकळे असतात या एकाच गोष्टीचा उपयोग करून १९७५ साली इंग्लंडमध्ये कीथ हर्न यांनी झोपलेल्या माणसाकडून ठरलेल्या डोळ्यांच्या खुणा नोंदवून घेतल्या, आणि पुढे स्टॅनफर्डमध्ये स्टीफन लाबर्ज यांनी तेच स्वतंत्रपणे दाखवले. दोन्ही अनुभव एकाच जातीचे आहेत, फक्त एकात भीती आहे.

निवृत्त परिचारिका :
आपल्याला उंबरठा लाभला असेल, यांना तिथे ठेच लागते आहे. शिवाय दोन्ही गोष्टी एकच नव्हेत. जागृत स्वप्नात माणूस स्वप्नाच्या आत असतो आणि बहुधा आनंदात असतो. स्लीप पॅरालिसिसमध्ये तो खरी खोली पाहत असतो आणि तिच्यावर स्वप्न सांडलेले असते. ज्यांना एक अनुभव येतो त्यांना दुसराही येण्याचा संभव अधिक असतो हे खरे, परंतु तो संबंध तरंगण्याच्या, उडण्याच्या भासांशी जास्त जुळतो, छातीवर बसणाऱ्याशी तेवढा नव्हे.

आढीतला आंबा, दोन प्रश्न आहेत आणि ते टाळू नका. दिवसा बोलता बोलता अनावर झोप येते का? मोठ्याने हसल्यावर गुडघे किंवा मान एकाएकी लुळी पडते का? तसे असेल तर नार्कोलेप्सी या विकाराची तपासणी करावीच लागेल आणि हंगाम त्याच्या आड येता कामा नये. आणि दिवसा वाहन चालवता का?

आढीतला आंबा :
हसल्यावर काही होत नाही. दुपारी जेवणानंतर डुलकी येते, पण ती कोणाला येत नाही? वाहन चालवतो. बागेतून पेट्या भरलेली पिकअप नांदगाव तिठ्यापर्यंत रोज मीच नेतो.

खाडीपलीकडे :
म्हणजे एकला झोपून, साडेपाचला मुद्दाम उठून, मग दिवसा तो वळणावळणांचा रस्ता? थप्पीजवळच्या माणसापेक्षा मला हेच अधिक भीतिदायक वाटते.

स्वप्नवही :
या मुद्द्यावर मी परिचारिकाताईंशी सहमत आहे. साडेचार तासांच्या झोपेवर हा सराव कोणीही करू नये. मी स्वतः तो सुटीच्या दिवशीच करतो, हे आधी लिहायला हवे होते.

निवृत्त परिचारिका :
धन्यवाद. आता उपाय. हंगाम संपेपर्यंत गजर बंद. झोपण्याची वेळ मागेपुढे होणारच, निदान उठण्याची एकच ठेवा आणि कुशीवर झोपा. सुपाऱ्यांची युक्ती मला तरी पसंत आहे. तरीही झाले तर सर्वांगाने धडपडू नका, कारण त्याने दडपण वाढल्यासारखे वाटते. डोळे मिटा, हे थोड्या वेळात जाणार आहे असे मनात म्हणा, आपोआप चालू असलेल्या श्वासावर लक्ष ठेवा किंवा एखादी चांगली आठवण धरून ठेवा, आणि हवे तर पायाचा एकच अंगठा हलवून पाहा. घरच्यांना सांगून ठेवा. कोणी हात लावला की पुष्कळदा लगेच सुटते. एवढे करूनही वारंवार होत राहिले किंवा भीतीने झोप टाळू लागलात, तर डॉक्टर गाठा. आयुष्यात एकदा तरी हे झालेले लोक शंभरात सातआठ सापडतात, आणि विद्यार्थ्यांत तर चौथाईहून अधिक, असे ३५ अभ्यासांच्या २०११ सालच्या आढाव्यात आले आहे. तेव्हा आपण एकटे नाही.

आढीतला आंबा :
सतरा दिवसांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. गजर बंद केला, माळ्यावरून खाली पडवीत झोपू लागलो. सुपाऱ्या दोन रात्री टोचून घेतल्या, मग सवय झाली. या काळात एकदाच झाले, तेही दुपारी, पिकअपच्या सीटवर मान मागे टाकून डुलकी घेतली तेव्हा. खिळ्यांचा आवाज आला. अंगठ्याचे लक्षात होते, तो हलवायला गेलो आणि हलला तो डावा हात, हॉर्नवर पडला, आणि सगळेच सुटले. बागेतले गडी धावत आले, त्यांना काय सांगावे कळेना.

पावसाळ्यात काम नसते, तेव्हा रविवारपुरता सराव पुन्हा सुरू केला तर चालेल का?

स्वप्नवही :
चालेल. आधी पंधरा दिवस सलग सात तास झोप होऊ द्या, आणि उताणे न पडता कुशीवरच सराव करा.

निवृत्त परिचारिका :
माझे मत : नको. पण आपण ऐकणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून निदान सोमवारी सकाळी गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.

माडाखालचा :
पडवीत झोपू लागल्यापासून थांबले, म्हणजे माळ्यावरच काहीतरी आहे. माळा एकदा झाडून घ्या.